घरी शिकणाऱ्या लहान मुलासाठी प्राचीन इतिहासाची पुस्तकं कशी निवडावीत

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला घरीच प्राचीन इतिहास शिकवायचा म्हटलं की हात आधी जातो तो ‘जगाचा इतिहास’ असं नाव मिरवणाऱ्या जाडजूड, चकचकीत पुस्तकाकडे. ते वाईट असतंच असं नाही, पण वर्षभराचा अभ्यास त्यावर उभा राहत नाही. डाव्या पानावर पिरॅमिड, उजव्या पानावर झिग्गुरात (मेसोपोटेमियातला पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-मनोरा), पान उलटलं की चीनची भिंत. मूल चित्रं बघून खूश होतं, पण महिन्याभरानं विचारलं तर आधी काय आणि नंतर काय, याचा पत्ता नसतो.

या वयाच्या पुस्तकाला आम्ही एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो: ‘हे कशावरून कळलं’ हे ते सांगतं का? कागद, रंग, किंमत, पारितोषिकं हे सगळं त्यानंतर. पुस्तक हा प्रश्न टाळत असेल, तर सात वर्षांचं मूल इतिहास आणि गोष्ट यांतला फरक कधीच शिकत नाही. आणि हे वय नेमकं ‘पण तुला कसं माहीत?’ असं दिवसातून दहादा विचारण्याचं असतं.

आधी आवाका ठरवा, मग पुस्तकं

प्राचीन काळ म्हणजे अश्मयुगापासून साधारण गुप्त-वाकाटकांपर्यंत, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत. इतकं सगळं एका वर्षात कुणीच करू नये. सात-आठ थांबे पुरेत: दगडी हत्यारं आणि शेतीची सुरुवात, हडप्पा संस्कृती, इजिप्त, मेसोपोटेमिया, महाराष्ट्रातली ताम्रपाषाणयुगीन (दगडासोबत तांबंही वापरणाऱ्या काळातली) गावं, बुद्ध-महावीरांचा काळ, मौर्य, सातवाहन. ग्रीस आणि रोम राहिले तर पुढच्या वर्षी. रोमला मात्र सातवाहनांच्या निमित्तानं अर्धी खिडकी आपोआप उघडते, कारण कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली आहे आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे तर रोमन व्यापाराशी जोडलेलं नगर होतं.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी उलटा हिशेब करावा. इजिप्त, ग्रीस, रोमवरची मुलांची सुंदर पुस्तकं तिथल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात फुकट मिळतात. भारतावर मात्र त्याच पुस्तकांत एखादं पान असतं आणि त्यात हडप्पा, बुद्ध आणि ताजमहाल एकत्र कोंबलेले असतात. म्हणून पैसे भारतावर खर्च करा, बाकीचं वाचनालयातून आणा. अमेरिकेतल्या होमस्कूलिंगसाठी लिहिलेल्या मालिका घेताना आणखी एक गोष्ट तपासा. त्यांतल्या काहींची कालगणना बायबलवर बेतलेली असते, नोहाचा महापूर तारखेसकट इतिहास म्हणून दिलेला असतो. आपल्याकडे महाभारतयुद्धाची तारीख-वार देणारी पुस्तकं मिळतात, त्यांचीही गत तीच. दोन्हींना तोच प्रश्न विचारायचा: कशावरून?

चार प्रकारची पुस्तकं लागतात, चाळीस नव्हे

पहिलं म्हणजे कण्याचं पुस्तक, म्हणजे ज्याच्या क्रमानं वर्ष पुढे सरकतं ते. हे एकच असावं. दोन कणे घेतले की दर आठवड्याला ‘आज कुठलं?’ यातच वेळ जातो. मराठीत यासाठी सगळ्यांत सोयीची पुस्तकं बालभारतीची आहेत: पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आदिमानवापासून नागरी संस्कृतीपर्यंतची वाटचाल आहे आणि सहावीच्या इतिहासात हडप्पा, वैदिक काळ, महाजनपदं, मौर्य, दक्षिणेतली राज्यं असा क्रम आहे. दोन्ही बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात.

पण ही पुस्तकं दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. ती सात वर्षांच्या मुलाला जशीच्या तशी वाचून दाखवू नका. ‘नागरीकरणाचा ऱ्हास’ या शब्दांपाशी ते उठून जाईल, आणि त्यात त्याची चूक नाही. पाठ आदल्या रात्री पालकानं वाचायचा, त्यातून तीन गोष्टी निवडायच्या आणि त्या आपल्या तोंडानं सांगायच्या. पाठ्यपुस्तक म्हणजे तुमची टिपणवही. एनसीईआरटीचं सहावीचं पुस्तक वापरणार असाल तर २०२४ मध्ये ते पूर्ण बदललं आहे हे लक्षात ठेवा. जुन्यात हडप्पा म्हणून जे आहे ते नव्यात सिंधू-सरस्वती संस्कृती या नावानं येतं. एक पुस्तक जुनं आणि एक नवं असेल, तर ही नावं एकाच संस्कृतीची आहेत हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

दुसरा प्रकार चित्रमय पुस्तकांचा, दर थांब्याला एक. हीच मुलाच्या हातात राहतात. तिसरा नकाशा: ॲटलास एकच, पण डोंगर-नद्या ठळक दाखवणारा. राजकीय रंगांचा ॲटलास या विषयाला फारसा उपयोगी नाही, कारण मुलाला प्रवरा, सिंधू, नाईल कुठून कुठे वाहतात हे दिसायला हवं. चौथा प्रकार गोष्टींचा. त्यावर पुढे सविस्तर. रंगवण्याच्या वह्या आणि ‘ॲक्टिव्हिटी बुक’ हवी तर घ्या, नसली तरी काही अडत नाही.

विकत घेण्याआधी तीन पानं तपासा

दुकानात, वाचनालयात किंवा ऑनलाइन नमुना पानांवर ही तपासणी दहा मिनिटांत होते. पुस्तक कुठलंही असो, थेट हडप्पाचं पान उघडा. इथे लेखकाचा कस लागतो, कारण या संस्कृतीबद्दल आपल्याला खूप काही माहीत आहे आणि तितकंच खूप काही माहीत नाही.

लिपीचा उल्लेख शोधा. हडप्पाची लिपी अजून कुणालाही सर्वमान्य पद्धतीनं वाचता आलेली नाही. पुस्तक हे स्पष्ट सांगत असेल तर अर्धी परीक्षा पास. मुद्रेवर, म्हणजे ठसा उमटवायच्या छोट्या शिक्क्यावर, ‘असं लिहिलं आहे’ म्हणून अर्थ देत असेल तर पुस्तक परत ठेवा. मग दाढीवाला, अंगावर तीन पानांची नक्षी असलेलं वस्त्र घेतलेला दगडी पुतळा पाहा. त्याला ‘पुरोहित राजा’ म्हणतात, पण ते नाव पुरातत्त्वज्ञांनी दिलेलं आहे. तो पुरोहित होता की राजा की दोन्ही नव्हता, याचा पुरावा नाही. चांगलं पुस्तक ‘या नावानं ओळखला जाणारा’ असं लिहितं. कच्चं पुस्तक ‘हडप्पाचा राजा’ म्हणून मोकळं होतं. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचंही तसंच. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल, ही मापं पक्की आहेत. तिथे कोण आणि कशासाठी स्नान करत होतं हा तर्क आहे. त्या पानावर ‘असावं’, ‘कदाचित’, ‘असं दिसतं’ हे शब्द एकदाही नसतील तर लेखकानं तर्क आणि पुरावा एकाच पातेल्यात ढवळले आहेत.

पुस्तक किती जुनं आहे हेही इथेच कळतं. ‘आर्यांनी आक्रमण करून हडप्पाची नगरं उद्ध्वस्त केली’ असं ठामपणे लिहिलेलं असेल, तर मजकूर फार जुना आहे. मोहेंजोदडोत सापडलेल्या सांगाड्यांवरून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४० च्या दशकात तसा तर्क मांडला होता आणि पुढच्या अभ्यासात तो टिकला नाही. फक्त हडप्पा आणि मोहेंजोदडो ही दोनच नावं असतील आणि धोलावीरा, राखीगढी, लोथल यांचा पत्ताच नसेल, तरी तीच शंका घ्यावी. या संस्कृतीची हजारावर स्थळं आता माहीत आहेत. दुसऱ्या टोकाला, लोकांच्या मूळ वंशावरून वाद घालणारी पुस्तकं आहेत. बाजू कुठलीही असो, ती सात वर्षांच्या मुलासाठी नाहीत.

आता चित्रं. चित्रकाराच्या चुका मजकुरापेक्षा जास्त काळ डोक्यात राहतात, म्हणून इथे कडक व्हा. बुद्धाच्या काळातल्या स्वयंपाकघरात लाल मिरच्यांची माळ, टोमॅटो, बटाटे किंवा मक्याची कणसं दिसली तर चित्रकारानं काही वाचलेलं नाही. ही सगळी पिकं अमेरिका खंडातली; पोर्तुगीज आल्यानंतर, म्हणजे १४९८ नंतर, आपल्याकडे पोचली. हडप्पाच्या माणसाच्या हातात लोखंडी तलवार नको, तेव्हा तांबं आणि कांसं होतं. अशोकाच्या शिलालेखावर देवनागरी अक्षरं नकोत, त्या काळची ब्राह्मी लिपी हवी. तक्षशिलेच्या विद्यार्थ्यासमोर बांधणी केलेलं कागदी पुस्तक नको.

वस्तूंचे फोटो असतील तर शेजारी आकार दिला आहे का, तेही बघा. मोहेंजोदडोची नर्तिका पानभर छापली की मुलाला ती पुरुषभर उंचीची वाटते. प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटीमीटर आहे. मुद्रा तर बहुतेक दोन ते चार सेंटीमीटरच्या. पुस्तकात आकार नसेल आणि बाकी पुस्तक चांगलं असेल, तर कागदावर खऱ्या मापाचा चौकोन कापून त्या पानात ठेवा.

इजिप्तच्या पुस्तकाला एकच प्रश्न पुरतो: पिरॅमिड कुणी बांधले? चाबकाखाली राबणारे गुलाम दाखवले असतील तर पुस्तक सिनेमावरून लिहिलेलं आहे. गिझाला कामगारांची वस्ती, भट्ट्या आणि त्यांची थडगी उत्खननात मिळाली आहेत. राजाच्या पिरॅमिडशेजारी सन्मानानं पुरलेली ही माणसं गुलाम नव्हती, असं अभ्यासक मानतात. ममीचं पान मात्र तुम्ही आधी एकट्यानं वाचा. नाकातून मेंदू काढण्याचं वर्णन काही मुलांना फार आवडतं, काहींची झोप उडवतं. तुमचं मूल यांतलं कुठलं, हे तुम्हालाच माहीत.

शेवटी नकाशा. इसवी सनापूर्वी २६०० च्या नकाशावर आजची राष्ट्रीय सीमा जाड रेघेनं काढलेली असेल तर मुलाचा गोंधळ होतो. पुसट तुटक रेघ आणि ‘हडप्पा, मोहेंजोदडो आज पाकिस्तानात’ अशी टीप, हे योग्य.

भाषेची परीक्षा

पान मोठ्यानं वाचा. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागला तर ते वाचून दाखवायचं पुस्तक नव्हे. मग मुलाला तेच पान वाचायला द्या. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक तुम्ही वाचाल. दोन-तीन अडले तर ते त्याच्या हातात जाईल. दोन्ही प्रकार हवेत, फक्त कुठलं कुणासाठी हे आधी ठरवा.

खरी अडचण वेगळीच आहे. या वयासाठी प्राचीन इतिहासावर मराठीत लिहिलेली चित्रमय पुस्तकं कमी आहेत आणि आहेत त्यांत अनुवाद बरेच. अनुवाद तपासताना नावं बघा. नाईलचं एका पानावर ‘नील’ आणि दुसऱ्यावर ‘नाइल’ झालं असेल, तर संपादकाची नजर फिरलेली नाही. इंग्रजी पुस्तक घेऊन जागच्या जागी मराठीत सांगणार असाल तर नावांची तयारी आदल्या दिवशी करा. समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा: तैग्रिस, युफ्रेटिस, कीलाकार लिपी, फॅरो. ऐन वाचनात अडखळलात की गोष्टीची लय तुटते आणि मूल पुस्तकाऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं.

गोष्टींचा खण वेगळा

जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी), पुराणकथा, चाणक्याची शेंडी, विक्रमादित्याचं सिंहासन, आणि ‘अमर चित्र कथा’सारखी चित्रकथांची मालिका, हे सगळं हवंच. फक्त त्यांचा खण वेगळा ठेवा, अक्षरशः वेगळा. कपाटात एका खणावर ‘गोष्टी’, दुसऱ्यावर ‘पुरावे’ अशी चिठ्ठी लावा आणि नवं पुस्तक आलं की ते कुठे जाईल हे मुलाला ठरवू द्या. चित्रकथेतले संवाद कुणीतरी आपल्या काळात लिहिलेले आहेत हे एकदा सांगितलं की पुरे, दर पानाला टोकू नका. चाणक्याच्या शेंडीची कथा मौर्यांच्या पुष्कळ नंतरच्या साहित्यातून आली आहे. अशोकाचे शब्द मात्र त्याच्याच काळात दगडावर कोरलेले आहेत. हा फरक मुलाला सहज पटतो, कारण दगड दाखवता येतो. सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

काही गोष्टी दोन्ही खणांत जातात. मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपाच्या कठड्यावर जातककथांची शिल्पं आहेत आणि त्यांखाली कथेची नावंही कोरलेली आहेत. त्यांतली हरणाची गोष्ट घडली की नाही हा प्रश्न सोडा, पण ती इसवी सनापूर्वीच्या काळात लोक एकमेकांना सांगत होते, याचा तो दगड पुरावा आहे. मुलानं स्वतःहून ‘मग हे दोन्हीकडे ठेवू?’ असं विचारलं, तर वर्षाचं काम झालं म्हणा.

पट्टी करा, नाहीतर पुस्तकं सुटी सुटी राहतात

पुस्तकं कितीही चांगली असली तरी काळाचं अंतर त्यांतून कळत नाही. त्यासाठी भिंतीवर कालपट्टी लागते. साध्या जाड कागदाची अडीच मीटर लांब, पंधरा सेंटीमीटर रुंद पट्टी जोडून घ्या. दुकानातल्या बिलाचा थर्मल रोल वापरू नका. उष्णतेनं तो काळा पडतो. प्रमाण: एका शतकाला पाच सेंटीमीटर. डावं टोक इ.स.पू. ३०००, उजवं टोक इ.स. २०००. पट्टीवरचं आजचं टोक उजवीकडे एक-दीड सेंटीमीटर बाहेर जाईल, तितका कागद जास्त ठेवा.

आता खुणा. हडप्पाची भरभराट २० सेंटीमीटरवर सुरू होते आणि ५५ वर संपते. गिझाचा मोठा पिरॅमिड २२ वर. म्हणजे दोन्ही एकाच वेळी, हे मूल बोटानं दाखवतं. पुणे जिल्ह्यातल्या घोड नदीकाठचं इनामगाव, हे ताम्रपाषाणयुगीन गाव, ७० ते ११५. अशोक साधारण १३७ वर. इसवी सनाची सुरुवात बरोबर १५० वर. शिवरायांचा जन्म, १६३०, थेट २३१ च्या पुढे. अशोक आणि शिवराय यांच्यात जवळजवळ एक मीटर मोकळा कागद दिसला की ‘दोघंही खूप जुने’ हा गैरसमज कायमचा जातो.

अश्मयुग या पट्टीवर मावत नाही आणि ते मावत नाही हेच सांगण्यासारखं आहे. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला सापडलेली दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षं जुनी आहेत. याच प्रमाणात त्यांच्यापर्यंत पोचायला पट्टी डावीकडे पाऊण किलोमीटर न्यावी लागेल. मुलाला घेऊन तेवढं अंतर एकदा चालून या.

इ.स.पू. ही कल्पना आठ वर्षांच्या आत पक्की होत नाही, त्यासाठी हटून बसू नका. आधी ‘आजपासून सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी’ असं म्हणा. इ.स.पू. चे आकडे मागे जाताना वाढतात आणि मध्ये शून्य वर्ष नाही, हे पट्टीसमोर उभं राहून दाखवता येतं. ‘इ.स.पू. तिसरं शतक’ अशा शतकांतच बोलणारं पुस्तक या वयाला टाळा.

आठवड्याची बैठक

एका बैठकीला वीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, दुसऱ्या दिवशी चित्रमय पुस्तक, तिसऱ्या दिवशी मूल तुम्हाला सांगेल आणि तुम्ही त्याची तीन वाक्यं त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या. प्रश्नोत्तरं, गाळलेल्या जागा नकोत. वाक्य चुकलं तर तिथेच दुरुस्त करू नका. पुढच्या बैठकीत तेच चित्र पुन्हा उघडून दाखवा. एखादं पुस्तक सलग तिसऱ्या बैठकीत मुलानं मिटलं तर ते सहा महिने बाजूला ठेवा.

प्रत्यक्ष जागा पुस्तकानंतर दाखवा, आधी नको. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात महाराष्ट्रातल्या उत्खननांतल्या वस्तू आहेत. तेरला आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये संग्रहालयं आहेत. गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळला जांभ्या दगडावर कोरलेली चित्रं आहेत. कार्ले आणि अजिंठा सर्वांना माहीतच आहेत. अजिंठ्याला सात वर्षांच्या मुलाला सगळी लेणी दाखवायचा अट्टहास करू नका. नववं-दहावं, ही जुन्या टप्प्यातली, आणि पहिलं, हे नंतरच्या टप्प्यातलं, इतकी पुरेत. निघण्याआधी वेळा आणि सुट्टीचा वार फोन करून विचारा.

वर्षाच्या शेवटी काही पुस्तकांत चुका सापडलेल्या असतील. ती पुस्तकं रद्दीत देऊ नका. मिरच्यांची माळ असलेलं पान मुलासमोर ठेवून ‘यात काय चुकलंय?’ विचारा आणि पेन्सिलीनं गोल करू द्या. हाच विषय दहा-अकराव्या वर्षी पुन्हा घ्यायचा असतो. तेव्हा बालभारतीचं पुस्तक तुमच्या हातातून त्याच्या हातात जाईल, आणि मुक्त विद्यालयाची पाचवी किंवा आठवीची परीक्षा द्यायची असेल तर त्या वर्षीचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर बघून मगच नवी खरेदी करा.